कानांत बोळे घालायचे, पण कुठले?

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, एका गोष्टीवर कायम चिडायचे. समोरचा माणूस पुटपुटत बोलतो, यावर. "तोंडात सुपारी धरल्यासारखे काय बोलता रे सगळे?" असे ते विचारायचे, आणि त्यांचे ते विचारणे चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या वाण्याला ऐकू जायचे. सुपारी कुणाच्याच तोंडात नसे. अण्णा परळच्या एका गिरणीत साचे खात्यात सत्तावीस वर्षे होते. एका छपराखाली शेकडो माग एकदम ठोकत असले की माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचत नाही. मग बोलणे व्हायचे ते ओठांच्या हालचालींनी आणि हातवाऱ्यांनी. चहाला चल याची एक खूण, जॉबर आला याची दुसरी. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, पुढे गिरणी कायमची बंद पडली, आणि घरी बसल्यावर अण्णांच्या ध्यानात आले की माग थांबले तरी आपले कान काही उघडले नाहीत.

एक गोष्ट मात्र ते हसत सांगत. "कानांची काळजी आम्ही घेत नव्हतो असे नाही हो. कापसाचीच गिरणी! खाली पडलेला कापूस उचलायचा, बोटांनी वळायचा आणि कानांत कोंबायचा." पुढे एका कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले की तसा सुका कापूस आवाजाला जवळजवळ अडवतच नाही. डास येऊ नयेत म्हणून खिडकीला गज बसवावेत, तसा तो प्रकार. अण्णांनी ते ऐकले (म्हणजे डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवले) आणि ते बराच वेळ गप्प बसले.

हे सगळे आठवण्याचे कारण अण्णांची नात. ती पुण्यात शिकते आणि एका ढोलपथकात ताशा वाजवते. परवाच्या गणपतीआधीच्या गणपतीत विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला आली होती. तिच्या काकूने "पोळी वाढू का?" असे दोनदा विचारले. ती वरणाच्या वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, माझ्या कानात शिट्टी वाजतेय. कालपासून. थांबेल ना हो?"

दुपारी शिट्टी थांबली. तिला बरे वाटले. मला वाटले नाही.

कानात नेमके काय होते हे एकदा समजून घेतले पाहिजे, म्हणजे बोळ्यांची चर्चा नुसती बाजारहाटाची राहत नाही. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते. तिच्यात प्रत्येक कानामागे साधारण पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या झुलतात आणि मेंदूकडे निरोप पाठवतात. वादळात गवत आडवे पडावे तशा मोठ्या आवाजात या पेशी थकतात. थोडक्यात भागले तर पुन्हा उभ्या राहतात, आणि दुसऱ्या दिवशीची शिट्टी हे त्या थकव्याचेच लक्षण. पण असे वारंवार झाले की काही पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. केस गळले तर टोप तरी घालता येतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करून देते, मेलेली पेशी जिवंत करून देत नाही.

यात एक कपटही आहे. आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाचा पहिला घाव बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या बारीक आवाजांवर पडतो. मराठीतले स, श, फ, थ हे उच्चार याच बारीक पट्टीच्या आधाराने ओळखू येतात. स्वर शाबूत राहतात, कारण ते खालच्या पट्टीत असतात. त्यामुळे माणसाला ऐकू तर येते, पण 'साठ' म्हटले की 'पाठ' म्हटले हे कळत नाही. समोरचा पुटपुटतो आहे असे वाटू लागते. अण्णांच्या त्या सुपारीचे गूढ एवढेच होते.

तेव्हा बोळे हवेत, याबद्दल वाद नको. वाद आहे तो कुठले हवेत याचा. आणि इथे आपण सगळेच एक चूक करतो. औषधाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि विचारतो, "सगळ्यांत जास्त आवाज बंद करणारे द्या." मीही तेच केले. नातीसाठी फोमचे, केशरी रंगाचे, पाकिटावर सर्वांत मोठा आकडा असलेले बोळे आणले. किंमत म्हणाल तर एका जोडीला रस्त्यावरच्या चहाइतकी. तिने ते सरावाला नेले आणि पंधरा मिनिटांत काढून खिशात टाकले. "काका, ताल कळत नाही. बाकीचे काय वाजवतात ते सगळे गोधडीत गुंडाळल्यासारखे ऐकू येते. मी चुकले की सगळे माझ्याकडे बघतात."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. फोमचा बोळा बारीक आवाज जास्त अडवतो आणि घुमणारा आवाज तुलनेने कमी. त्यामुळे ताशाची धार जाते, ढोलाचा घुमारा उरतो आणि सगळ्या वादनाची गचडी होते. पण बोळा खिशात असण्याची किंमत काय, हे तिला सांगायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली. तो हिशेब वाचकांनीही एकदा करून बघण्यासारखा आहे.

डेसिबल हे साधे मोजमाप नाही. किलो किंवा मीटरसारखे ते सरळ चालत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, दहा वाढले की दसपट. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये. ८८ असेल तर चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. शंभरला पोचलात की फक्त पंधरा मिनिटे. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे आवाज मोजत आले आहेत, आणि शंभराच्या पुढचे आकडे तिथे नवलाचे राहिलेले नाहीत. पुन्हा मिरवणूक एका दिवसाची. सराव नदीपात्रात आधीचे दीड-दोन महिने चालतो, रोज संध्याकाळी, दोन-दोन तास. धोका खरा तिथे आहे.

आता समजा, तीस डेसिबल आवाज खरोखर अडवणारा उत्तम बोळा तुम्ही आठ तास वापरायचा ठरवलात. त्यातला अर्धा तास तो काढून ठेवलात, कारण टोचत होता, किंवा कुणाशी बोलायचे होते. दिवसाचा हिशेब केला तर तीस डेसिबलचे संरक्षण उतरून बाराच्या आसपास येते. साडेसात तासांची पुण्याई अर्ध्या तासात जाते. छत्री कितीही भक्कम असू द्या, निम्म्या वाटेवर मिटली तर भिजायचे ते भिजायचेच. म्हणूनच माझे ठाम मत असे झाले आहे की कानात राहणारा साधा बोळा हा खिशात राहणाऱ्या भारी बोळ्यापेक्षा केव्हाही जास्त भक्कम. सोय, आराम, मऊपणा हे चैनीचे मुद्दे नाहीत. सगळे संरक्षण त्यांच्यावरच उभे आहे.

पाकिटावरच्या आकड्यांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण तिथे गिऱ्हाईक हमखास फसते. दोन प्रकारचे आकडे छापलेले असतात. एनआरआर हा अमेरिकी पद्धतीचा, एसएनआर हा युरोपी पद्धतीचा. दोन्हींची चाचणी वेगळी, गणित वेगळे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एका बोळ्यावर अमेरिकी आकडा २९ आणि युरोपी आकडा ३७ असतो. बोळा तोच! तेव्हा ३७ चा बोळा ३३ वाल्यापेक्षा सरस, असे समजून चार पैसे जास्त मोजू नयेत. आधी अक्षरे बघावीत, मग आकडा.

आणि तो आकडा तरी कुणाचा? प्रयोगशाळेतला. तिथे शिकवलेल्या माणसांनी, शांतपणे, नीट घातलेल्या बोळ्यांचा. घाईत, घामेजल्या बोटांनी अर्धवट खुपसलेला बोळा त्याच्या जवळपासही जात नाही. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याची एक सावध रीत आहे. छापील अमेरिकी आकड्यातून सात वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे करायचे. म्हणजे २९ चे झाले अकरा. शंभर डेसिबलच्या मिरवणुकीत कानापर्यंत पोचणार एकोणनव्वद. पंधरा मिनिटांची मुदत तीन तासांवर गेली, हेही थोडे नाही. पण "एकोणतीस वजा झाले, आता काय भीती" असे मानणाऱ्याचा मोठाच घोटाळा होतो.

बरे, नीट घातला तर हाच बोळा पंचवीसपर्यंतही आवाज अडवू शकतो. सारी करामत घालण्यात आहे, आणि ती पाकिटाच्या मागे इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते की ती वाचायला चष्मा लागतो. ती अशी. हात धुवावेत. फोमचा बोळा तीन बोटांत धरून हळूहळू वळावा, कापसाच्या वातीसारखा, बारीक आणि सरळ. सुरकुती पडू देऊ नये, कारण सुरकुतीतून आवाज पाझरतो. मग उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची पाळी वरच्या बाजूने धरावी आणि वर-मागे ओढावी. आपली कर्णनलिका सरळ नसते, ती इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते, लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. पाळी ओढली की ती थोडी सरळ होते. तेवढ्यात वळलेला बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत, निदान अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा. लगेच बोट काढले तर तो फुगत फुगत बाहेर येतो. नव्वद टक्के घरांत "हे बोळे काही कामाचे नाहीत" असे जे म्हटले जाते, ते या अर्ध्या मिनिटापायी, असा माझा आपला अंदाज आहे.

परीक्षा सोपी आहे. बोळे घातल्यावर दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवा. आवाज एकदम आणखी कमी झाला तर बोळे नीट बसलेले नाहीत, पुन्हा घाला. फारसा फरक पडला नाही तर बसले आहेत. आणखी एक खूण म्हणजे तुमचा स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमू लागतो. पुष्कळांना हे घुमणे आवडत नाही. मला सुरुवातीला स्वतःचे चावणे आणि गिळणे ऐकून कसेसेच झाले. आठवड्याने सवय झाली.

माप हाही एक दुर्लक्षित विषय. चप्पल घेताना आपण चार जोड पायांत घालून बघतो आणि कानात मात्र दुकानदार देईल ते. कर्णनलिकेची रुंदी माणसागणिक वेगळी असते, एकाच माणसाच्या दोन कानांतही फरक असू शकतो. बायकांच्या कर्णनलिका साधारणपणे अरुंद, त्यामुळे पुरुषी मापाचे बोळे त्यांना दुखतात आणि "मला नाही सोसत" असे म्हणून त्या काढून टाकतात. लहान मापाचे बोळे मिळतात. मागितल्याशिवाय कुणी काढून दाखवत नाही, इतकेच.

आता झोपेचे प्रकरण. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ताशाशी कर्तव्य नसेल. त्यांना वरच्या मजल्यावरची फरशीची यंत्रे, समोरच्या मंगल कार्यालयातला बँड, पहाटेचे भोंगे आणि रात्रीचे घोरणे यांच्याशी आहे. आमच्या घरातील घोरण्याचे उगमस्थान प्रस्तुत लेखकच असल्याने या विषयातला अनुभव सौभाग्यवतींचा आहे, आणि तो त्यांनी उदारपणे पुरवला आहे. त्यांचा पहिला निष्कर्ष असा की रात्रीच्या बोळ्याला ताकदीपेक्षा मऊपणा महत्त्वाचा. टणक फोम कानाच्या भिंतीवर रात्रभर दाब देतो आणि पहाटे तीनला दुखून जाग येते. सावकाश फुगणारा मऊ फोम बरा. दुसरा निष्कर्ष, कुशीवर झोपणाऱ्याने बोळा कानाबाहेर डोकावणार नाही असा आखूड घ्यावा, नाहीतर उशी तो आत रेटत राहते. काही जण लांब बोळा मागून कात्रीने कापतात. तसे करू नये. सकाळी ओढून काढायला शेपूटच उरत नाही.

ज्यांना कानाच्या आत काही घातलेले मुळीच सोसत नाही, त्यांच्यासाठी मेणाचे किंवा कणकेच्या गोळीसारख्या मऊ सिलिकॉनचे बोळे असतात. ते आत खुपसायचे नसतात. कानाच्या तोंडावर झाकणासारखे थापायचे. फोमइतका आवाज ते अडवत नाहीत, पण झोपेला पुष्कळदा पुरतात. मेणाच्या बोळ्यांचा इतिहासही मोठा रंजक आहे. १९०७ च्या सुमारास माक्स नेगव्हेर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने मेण आणि कापूस यांचे मिश्रण करून ते बाजारात आणले, आणि त्याला 'ओरोपाक्स' असे नाव दिले. जर्मन भाषेत ओर म्हणजे कान, आणि लॅटिनमध्ये पाक्स म्हणजे शांती. कल्पना सुचली ती होमरच्या महाकाव्यावरून. त्यात जलपऱ्यांच्या गाण्याने भुलू नये म्हणून ओडिसियस आपल्या खलाशांच्या कानांत मेण भरतो. लेखक फ्रांझ काफ्का या ओरोपाक्सचा नियमित गिऱ्हाईक होता. गोंगाटाने तो फार हैराण होई. त्याच्या शेजारी मंगल कार्यालय नव्हते तरी! फोमचा बोळा मात्र बराच अलीकडचा. अमेरिकेत रॉस गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ पासून एका चिवट, सावकाश फुगणाऱ्या फोमवर काम केले आणि १९७२ च्या सुमारास पिवळे बोळे बाजारात आले. म्हणजे अण्णा साचे खात्यात होते, तेव्हा जगात हा बोळा होता. परळपर्यंत तो पोचला नाही.

घोरण्याबाबत खोटी आशा नको. घोरणे खालच्या पट्टीतले, आणि खालच्या पट्टीचा आवाज अडवायला सर्वांत अवघड. शिवाय आवाज काही फक्त कानाच्या भोकातून येत नाही, कवटीच्या हाडांतूनही येतो. त्यामुळे जगातला कुठलाही बोळा चाळीस-पन्नास डेसिबलच्या पलीकडे जाऊ शकत नाही. फोमवर कानझापडे चढवली, म्हणजे कारखान्यात घालतात ते इअरमफ, तरी दोन्हींची बेरीज होत नाही. पाच-एक डेसिबल वाढतात, बस. विमानप्रवासाला लोक हल्ली जे आवाज खोडणारे हेडफोन घेतात, ते इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर छान चालतात. अवचित वाजणाऱ्या हॉर्नवर किंवा शेजारच्या गप्पांवर त्यांची मात्रा कमी पडते. आणि त्यांत गाणी मोठ्याने लावली, तर चोराला राखणीला बसवल्यासारखे होते.

काही पथ्ये आहेत, ती टाळता येत नाहीत. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, कान दुखत असेल तर बोळा घालू नये, आधी डॉक्टर. मळ साचलेला असेल तर बोळा तो आत ढकलतो आणि मग बोळा काढल्यावरही ऐकू येत नाही. आंघोळीनंतर ओल्या कानात बोळा कोंबू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात कानात बुरशी धरायला तेवढे निमित्त पुरते. फोमचा बोळा कळकट झाला किंवा फुगेनासा झाला की टाकून द्यावा, त्याचा संसार करू नये. काढताना झटका देऊ नये, थोडा पिळत सावकाश काढावा, म्हणजे आतली हवा पडद्याला ओढत नाही. लहान मुलांच्या हाती हे गोळे लागू देऊ नयेत, ते आधी तोंडात जातात. आणि घरात आजारी माणूस किंवा तान्हे बाळ असेल, तर रात्री निदान एकाचे कान उघडे हवेत. आमच्याकडे वार लावलेले आहेत.

एवढे सगळे लिहून झाल्यावर एक प्रश्न उरतो आणि तो मला टोचतो. माझ्या झोपेसाठी मी कान का बुजवायचे? २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. २००५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या ध्वनिक्षेपकांबद्दल खडसावून सांगितले. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत द्यायची तर वर्षात पंधराच दिवस. कागदावर आपण शांतताप्रिय राष्ट्र आहोत. मी एकदा रात्री अकराला तक्रार करायला फोन केला होता. पलीकडच्या गृहस्थांना माझे म्हणणे ऐकू येईना, कारण त्यांच्याही मागे स्पीकर वाजत होता.

बोळा घेतला म्हणजे तक्रारीचा हक्क सोडला, असे मुळीच नाही. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत केसपेशी थांबत नाहीत. अर्थात हे माझ्यासारख्या घरी बसलेल्याने म्हणणे सोपे आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज नव्वदच्या वर असतो, आणि तिथला कामगार बारा बारा तास उभा असतो. आवाजाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून घातले गेले. छोट्या शेडमध्ये ती नोंद करायला कोण जाते? खरा उपाय यंत्राचा आवाज कमी करणे हाच. ते होईपर्यंत मालकाने कोपऱ्यात बोळ्यांचे खोके ठेवले की कर्तव्य संपत नाही. दोन-तीन मापे ठेवली पाहिजेत, घालायला शिकवले पाहिजे, वर्षातून एकदा कान तपासले पाहिजेत. माणसाच्या कानाला एका चहाच्या किमतीचे संरक्षण पुरत असताना ते मिळत नसेल, तर अडचण पैशाची आहे असे कुणी मला सांगू नये.

नातीची गोष्ट अर्धी राहिली. तिला फोम चालत नव्हता, तेव्हा मी एका श्रवणतज्ज्ञ बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "वादकाला फोम देऊच नका. वादकांचे वेगळे बोळे असतात." १९८८ पासून असे बोळे मिळतात, ज्यांच्यात एक छोटी गाळणी बसवलेली असते. ते बारीक आणि जाड, दोन्ही आवाज सारखेच कमी करतात, साधारण पंधरा डेसिबलनी. रेडिओचे बटण थोडे मागे फिरवावे तसे. गाणे तेच राहते, फक्त लांबून येते. कानाचे माप घेऊन बनवलेली जोडी महाग पडते. तयार मिळणारी, एकावर एक तीन छत्र्या असलेली सिलिकॉनची जोडी त्या मानाने स्वस्त. ती आणली. आकडा फोमच्या निम्मा. मलाच शंका होती. पण पंधरा डेसिबल खरोखर कमी झाले, तर शंभराचे पंच्याऐंशी होतात, आणि पंधरा मिनिटांचे आठ तास. ती जोडी तिने सरावाचे दोन महिने कानांत ठेवली. पहिल्या दिवशी पथकातल्या पोरांनी "आजीबाई" म्हणून चिडवले. दोरीने गळ्यात अडकवलेले बोळे बघून एकाने विचारले, मंगळसूत्र केव्हा घेतलेस? महिन्याभराने त्याच मुलाने दुकानाचा पत्ता मागितला.

यंदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा काकू स्वयंपाकघरात होत्या. "पोळी वाढू का ग?" त्यांनी तिथूनच विचारले. "अर्धीच," ही बाहेरून म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने पिशवीतून ते बोळे काढले. गुलालाने गुलाबी झाले होते, छत्र्यांच्या घड्यांत काळा मळ.

"काका, हे साबणाने धुतले तर चालतील ना?"

मी म्हटले, सिलिकॉनचे आहेत, चालतील. कोमट पाणी घे, साबण साधा, गाळणीत पाणी जाऊ देऊ नकोस, आणि पूर्ण सुकल्याशिवाय डबीत ठेवू नकोस. ती उठून मोरीकडे गेली.